जॉन नॉक्स: राणीशी भांडला तो, आणि शाळा मागितल्या तो

सोळाव्या शतकातला स्कॉटलंडचा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्स सुधारक होता की नुसता धर्मवेडा, असा प्रश्न नेहमी पडतो. कडवा तर तो होताच. पण स्कॉटलंडची कॅथलिक राणी मेरी हिच्यासमोरच्या त्याच्या खडाजंगीपेक्षा १५६०चा त्याचा चर्च आणि शाळांचा आराखडा मला फार मोठा वाटतो.

आधी माणूस बघा. कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतलेला हा गडी प्रोटेस्टंट उपदेशक जॉर्ज विशर्टच्या रक्षणाला तलवार घेऊन उभा राहायचा. १५४६मध्ये विशर्टला सेंट अँड्र्यूजला जाळलं. पुढच्या वर्षी नॉक्स ज्यात होता तो तिथला किल्ला फ्रेंचांनी घेतला आणि नॉक्सला १९ महिने जहाजावर वल्ही मारायला जुंपलं. तिथे मेरीमातेची रंगवलेली प्रतिमा चुंबनासाठी पुढे केली, तेव्हा एका कैद्याने ती नदीत भिरकावली आणि म्हणाला, हलकी आहे, पोहायला शिकू दे! किस्सा नॉक्सनेच लिहून ठेवलाय, कैद्याचं नाव मात्र सांगितलेलं नाही. माझ्या मते तो स्वतःच.

पुढे जिनिव्हात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनचा सहवास लाभला. तिथूनच १५५८मध्ये त्याने स्त्रियांच्या राज्यकारभाराविरुद्ध जहाल पुस्तिका काढली. तिचं समर्थन मी कधीच करणार नाही. इंग्लंडची एलिझाबेथ राणी त्यावरून कायमची दुखावली.

१५६०मध्ये स्कॉटिश संसदेने पोपची सत्ता झुगारली. त्याच वर्षी नॉक्स आणि सहकाऱ्यांनी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शिस्तीचा मसुदा लिहिला. हाच तो आराखडा. त्यात प्रत्येक ठिकाणच्या मंडळीला शाळामास्तर हवा, श्रीमंताने स्वतःच्या खर्चाने पोरं शिकवावीत, गरिबाच्या पोराचा खर्च मंडळीने उचलावा, असं स्पष्ट म्हटलंय. मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे (एल्डर) लोकांनी दरवर्षी निवडायचे. सोळाव्या शतकात हे कोण बोलत होतं?

पैसा जुन्या चर्चच्या उत्पन्नातून यायचा होता, पण त्यावर सरदार बसले होते. पुढे उत्पन्नाचे तीन वाटे झाले तेव्हा नॉक्स कडाडला: दोन वाटे सैतानाला, आणि तिसरा देव नि सैतानात वाटून! तो १५७२मध्ये गेला. प्रत्येक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या भागात) शाळा असावी यासाठीचा पक्का कायदा व्हायला १६९६ उजाडलं.

याचा एक धागा आपल्याकडेही पोचतो. याच परंपरेतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९मध्ये मुंबईत आले, १८३२मध्ये त्यांनी शाळा काढली आणि तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या.