मोसम संपल्यावर शहापूर

पोरा,

कबड्डीची लीग संपली की मुंबईत निमंत्रित स्पर्धांचं पेव फुटतं, आणि लालबाग-परळची मंडळं तुला सहजासहजी सोडणार नाहीत. तरी तू शहापूरच्या तालुका कृषी कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून जायचं म्हणतोयस. जा. बक्षिसांचे पैसे बुडतील, ते घरी आधीच सांग. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन देते. तुझा खुराकही त्यात भागायचा नाही. शिवाय तिच्यात नोकरदार बसत नाहीत, म्हणून संघाशी झालेला करार कार्यालयाला आधी दाखव.

ओळख लावून मंत्रालयात बसता येईल, असं कुणीतरी सुचवेलच. नको. तिथे योजनेचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघतो. तो शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत पोचताना कुठे अडतो, ते तालुक्याला दिसतं. पहिल्या आठवड्यात सगळे तुझ्याबरोबर सेल्फी काढतील, एखाद्या मेळाव्यात स्टेजवर बसवतील. एकदा बस. मग कृषी सहायकांच्या (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात) बाइकवर मागे बसून गावं फिर.

मेच्या शेवटी भात बियाण्याची प्रात्यक्षिकं सुरू होतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतून ढवळायचं. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाचं बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. ऐकायला पोरखेळ. पण घरचं बियाणं तरंगताना बघून एखादी आजी हटकून बिथरते, ‘आमचं भात काय फुकट गेलं?’ म्हणते. मुरलेला सहायक वाद घालत नाही. बुडालेलं बी तिच्याच हाताने धुवून घेतो. तू तिथे त्याच्याकडे बघ. मिठाचं प्रमाण काय, घडीपत्रिकेत छापलेलं असतं.

कार्यालयात बसायची वेळ आली तर एकच अर्ज पकड आणि त्याची पाठ सोडू नकोस. ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा घे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, सातबारा, आठ-अ, पूर्वसंमती, खरेदी, बिल, शेतावर मोका तपासणी, आणि मग आधार जोडलेल्या खात्यात अनुदान. पूर्वसंमतीआधी संच घेतला की अनुदानावर पाणी. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला ५५ टक्के मिळतात, पण बहुतेकदा आधी सगळी रक्कम त्यानेच घालायची असते. ती कुठून आणली, हे त्याला चहा पिताना विचार. सावकार, मेव्हणा, बायकोची पोत... अर्जात यासाठी रकाना नसतो.

सरावाचं म्हणशील तर परळ ते आसनगाव रोज कसारा लोकलने केलंस की गुडघ्यांचं वाटोळं ठरलेलं. चार दिवस तिकडेच खोली घे. पहाटे व्यायाम, संध्याकाळी गावातल्या पोरांबरोबर मातीवर पकडी. चढाया जपून, तिथे मॅट नाही. (संघाच्या फिजिओला मात्र विचारून घे, नाहीतर तो माझ्या नावाने बोटं मोडेल.) जी पोरं कार्यालयाची पायरी चढत नाहीत ती मैदानावर येतील, आणि कुणाच्या बापाचा अर्ज कशावरून परत आला ते सामना झाल्यावर आपसूक सांगतील. दुसऱ्या दिवशी तो अर्ज उघडून बघ, त्रुटी काय लिहिलीय ती वाच, आणि सहायकांना विचारूनच पोराला उत्तर दे. स्वतःहून शब्द देऊ नकोस.

महिन्याभराने मला लिही. फोटो नकोत, ठिबकच्या अर्जाचं काय झालं ते कळव.

तुझा,
काका