सही करण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पदवी हाती आली, आता नावाआधी 'इंजिनिअर' लावू का, असं तू विचारलंस. कायद्याने चालेल का, हे तू कुठे काम करणार त्यावर अवलंबून आहे. कॅनडात परवान्याशिवाय ही उपाधी लावली तर कारवाई होऊ शकते. ब्रिटनमध्ये नुसतं 'इंजिनिअर' कुणीही म्हणवून घेऊ शकतं, 'चार्टर्ड इंजिनिअर' मात्र तशी नोंदणी झालेल्यांसाठीच राखीव आहे. अमेरिकेत पदवीनंतर साधारण चार वर्षांचा अनुभव आणि दोन परीक्षा झाल्या की परवाना मिळतो.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते नट-बोल्टमधल्या एका नटाबद्दल.

१७ जुलै १९८१ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलमधले दोन टांगते पूल, एक वर आणि एक खाली, कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात दोन्ही पूल छतापासून आलेल्या एकाच लांब सळईवर टांगलेले होते. तेवढ्या लांब सळईला आटे पाडणं अडचणीचं, म्हणून काम करताना दोन तुकडे केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा तिथून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक बोटभर. पण आता खालचा पूल वरच्याला लटकला. दोघं एका दोराला धरून लोंबकळताहेत, आणि खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तसं. वरच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला आणि एक दिवस तो तुळई फाडून आरपार निघाला. मूळ जोडसुद्धा नियमाने हव्या त्या ताकदीच्या साठ टक्केच होता, हे चौकशीत कळलं. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता. त्या जोडाचं गणित मात्र कुणी केलंच नव्हतं. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले.

उपाधीला कायद्याचं कुंपण का घालतात, ते इथे कळतं.

शिक्षणाचं म्हणशील, तर १९८९च्या वॉशिंग्टन करारानुसार सदस्य देश एकमेकांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम समकक्ष मानतात. भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला. पण ही मान्यता अभ्यासक्रमाला असते, कॉलेजच्या नावाला नव्हे आणि तुला तर नव्हेच. तुझ्या शाखेला, तुझ्या वर्षी ती होती का, एवढं तपासून ठेव.

आणि पदवी नसलेल्यांना कमी लेखू नकोस. वेल्डमधली चीर नुसत्या नजरेने ओळखायला मला एका फिटरने शिकवलं. ते कसब आजही मला त्यांच्याइतकं जमत नाही. पण ड्रॉइंगवर सही त्यांची नसायची, माझी असायची. चुकलं तर जाब मलाच द्यावा लागणार होता.

तेव्हा सध्या 'अभियांत्रिकी पदवीधर' लिही. तेही खरं आहे, मानाचं आहे. पहिलं ड्रॉइंग सहीला येईल तेव्हा घाई करायला सांगणारे चार जण भेटतील. तू प्रत्येक जोडापाशी थांब, भार कुठून येतो नि कुठे जातो ते हाताने मांड. तो कागद मला पाठव, आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
जुना सहकारी