बदकांच्या शिकारीसाठी नवी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक कशी पारखावी?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त गेली सहा वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. सहकाऱ्यांसोबत तो गेले दोन हंगाम बदकांच्या शिकारीला जातो आहे आणि आता उसन्या बंदुकीऐवजी स्वतःची बारा बोअरची सेमी-ऑटोमॅटिक घेण्याचे त्याने ठरवले आहे. दुकानात त्याला एक बंदूक आवडली आहे. ती वायूच्या दाबावर नव्हे, तर ‘इनर्शिया’ पद्धतीने चालते, असे तो सांगतो. मी तरुणपणी वडिलांची दुनळी चालवली आहे, त्यापलीकडे मला अनुभव नाही. सप्टेंबरात मी त्याच्याकडे जाणार आहे. बंदूक पारखताना आम्ही काय पाहावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रात मुलाच्या व्हिसाचा उल्लेख नाही, म्हणून आधी तेवढे सांगतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे तेथील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. नसेल तर परवान्याची तारीख पाहूनच दुकानात जावे. आपण पर्यटक व्हिसावर जाणार असाल तर हाच नियम आपल्यालाही लागू होतो, म्हणून मुलाची बंदूक ‘जरा पाहू’ म्हणून हातात घेण्यापूर्वी आपलाही परवाना काढून घ्यावा. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात शिकार परवान्यासाठी शस्त्रसुरक्षेचे प्रमाणपत्र लागते. ते मुलाने घेतलेले असेलच.

आता बंदुकीकडे वळू. मी अनेक वर्षे मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी केली आणि बहिणीच्या कुटुंबासोबत मिनेसोटातले तीन हंगाम पाणथळीत काढले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की यंत्रणा कोणती, यापेक्षा बंदूक अंगाला बसते की नाही, हा प्रश्न मोठा आहे. रायफलीने नेम धरतात. छऱ्याच्या बंदुकीत मागचा नेम म्हणजे आपला डोळाच असतो. गाल दस्त्यावर जिथे टेकतो, तिथून डोळा जिकडे पाहतो तिकडेच छरे जातात. म्हणून दुकानात बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून मुलाने भिंतीवरची एखादी खूण पाहावी, डोळे मिटावेत, बंदूक खांद्याला लावून गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नळीवरची पट्टी अगदी थोडी दिसत असेल आणि टोकावरची माशी खुणेच्या मधोमध असेल, तर दस्ता बसला. पट्टीचा लांबच लांब पृष्ठभाग दिसत असेल तर दस्ता उंच आहे. बंदुकीच्या मागच्या भागाशिवाय काहीच दिसत नसेल तर तो खाली आहे. बहुतेक नव्या बंदुकांसोबत दस्त्याच्या मुळाशी बसवायच्या पातळ चकत्या मिळतात. त्या बदलून उंची आणि कल थोडा जुळवता येतो, आणि हे काम पैसे देण्यापूर्वी दुकानातच करून घ्यावे.

ही परीक्षा शिकारीच्या कपड्यांत व्हायला हवी, हे मात्र विसरू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात आपण जशी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर दुनळी खांद्याला लावली असेल, तशी नोव्हेंबरातल्या मिनेसोटात लावता येत नाही. जाड कोटामुळे दस्ता बोटभर लांब झाल्यासारखा होतो. पहिल्या हंगामात माझ्या दस्त्याचे टोक दर वेळी काखेतल्या घडीत अडकायचे आणि बंदूक खांद्याला लागेपर्यंत थवा लव्हाळ्यांपलीकडे गेलेला असायचा. म्हणून मुलाने तो कोट आणि हातमोजे घेऊनच दुकानात जावे. हातमोजे घालून सेफ्टीचे बटण हाताला लागते का, आणि काडतूस भरताना अंगठा झडपेत सापडतो का, हेही त्याच वेळी कळेल.

यंत्रणेबद्दल आपण विशेष विचारले आहे. वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीत नळीला बारीक छिद्रे असतात. बार उडाल्यावर त्यांतून थोडा वायू बाहेर पडून दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे नेतो. काम थोडा वेळ पसरल्यामुळे खांद्याला धक्का सौम्य बसतो, पण दट्ट्यावर काजळी साचते आणि ती वेळोवेळी काढावी लागते. इनर्शिया पद्धतीत वायूचा संबंध नाही. बार उडताच सगळी बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग मात्र जडत्वामुळे क्षणभर जागीच राहतो, त्यामुळे बोल्टच्या पोटातली ताठ स्प्रिंग दबते, आणि ती सुटली की बोल्ट मागे फेकला जातो व रिकामी पुंगळी बाहेर पडते. ही बंदूक हलकी असते, आतून स्वच्छ राहते आणि चिखलापाण्यात दिवसेंदिवस चालते. धक्का जास्त बसतो, आणि बंदूक मोकळेपणाने मागे आली तरच यंत्र चालते. फार हलके काडतूस वापरले किंवा नळीखाली जड वस्तू जोडली, तर ते अडखळू शकते.

या पद्धतीच्या काही बंदुकांत आणखी एक उणीव असते, आणि ती मी जवळून पाहिली आहे. नोव्हेंबरची पहाट होती, लव्हाळ्यांवर बर्फाचा पातळ थर होता आणि उजाडायला अजून अवकाश होता. आवाज होऊ नये म्हणून माझ्या सोबत्याने काडतूस भरताना बोल्टची मूठ हाताने धरून हळूच पुढे सोडली. अर्ध्या तासाने तीन मॅलार्ड बदके पंख थांबवून अगदी समोर उतरू लागले. त्याने चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला. बोल्टचे डोके पूर्ण वळून कुलूपबंद झालेच नव्हते. बंदूक बिघडलेली नव्हती, तिला बोल्ट स्प्रिंगच्या पूर्ण जोराने आपटूनच बंद व्हायला हवा होता. मुलाने नकली काडतूस घालून, दुकानदाराच्या परवानगीने, हेच करून पाहावे : बोल्ट एकदा हळू सोडावा, एकदा मोकळा सोडावा, आणि बंद बंदुकीचा दस्ता जमिनीवर हलकासा ठोकून बोल्ट जागचा हलतो का ते पाहावे. हलत असेल तर माझ्या मते ती बंदूक घेऊ नये. पाणथळीत बंदूक नावेच्या काठाला, बाकाला, चिखलातल्या खुंटाला लागतच असते.

बंदूक घेतल्यावरची खरी परीक्षा कागदावर होते, आणि तिचा कंटाळा बहुतेक जण करतात. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छऱ्यांना १९९१पासून देशभर बंदी आहे. बदके दाणे दळायला खडे गिळतात तसे तळाशी पडलेले छरेही गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. त्यांना खाणाऱ्या गरुडांच्या पोटातही ते विष जाई. आता मुख्यतः पोलादी छरे वापरतात. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या आसपास. हलका छरा लवकर वेग गमावतो, म्हणून शिशाच्या हिशेबापेक्षा दोन आकार मोठा छरा घ्यावा लागतो. पोलाद नळीत चेपत नाही, त्यामुळे छरे एकत्र राहतात आणि ‘मॉडिफाइड’, म्हणजे मध्यम आवळ, चोक (नळीच्या तोंडाशी छऱ्यांचा पसारा ठरवणारा निमुळता भाग) बहुधा पुरतो. पोलादी काडतुसांसाठी फार आवळ चोक लावू नये; चोकवर तशी सूचना कोरलेली असते, ती वाचावी.

मोठा कागद ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३७ मीटरवर उभा करावा, मध्ये एक खूण करावी आणि हंगामात जे वापरायचे तेच काडतूस एकदा झाडावे. मग छऱ्यांच्या सर्वांत दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचे वर्तुळ काढून आतली भोके मोजावीत. दोन नंबरचे पोलादी छरे एका औंसात सुमारे १२५ बसतात, म्हणजे सव्वा औंसाच्या काडतुसात सुमारे १५६. त्यांपैकी ११० च्या आसपास वर्तुळात आले तर ७० टक्के झाले, आणि ते उत्तम आहे. एका कागदावर निकाल ठरवू नये. पाच कागद घ्यावेत. पाचही कागदांवर दाट भाग खुणेच्या डावीकडे जात असेल तर दोष काडतुसाचा नाही, दस्त्याचा किंवा नळीचा आहे, आणि बंदूक परत न्यावी.

त्याआधी कारखान्यातून लावून आलेले जाड ग्रीस पूर्ण पुसून काढावे. ते थंडीत घट्ट होते आणि नवी बंदूक अडते, मग मालक यंत्राला नावे ठेवतो. त्याजागी पातळ तेलाचा अगदी हलका हात पुरे. हंगामापूर्वी सर्वांत हलकी पन्नास आणि सर्वांत भारी पंचवीस काडतुसे झाडून किती वेळा पुंगळी अडकली हे लिहून ठेवावे. साडेतीन इंची चेंबरचा (काडतूस बसते त्या नळीच्या भागाचा) आग्रह मी धरणार नाही; बदकांना तीन इंची काडतूस पुरते आणि खांदा शाबूत राहतो. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसे मावली पाहिजेत, असा १९३५पासूनचा केंद्रीय नियम आहे. त्यासाठी मॅगझिनमध्ये, म्हणजे जादा काडतुसे ठेवायच्या नळीखालच्या नळकांड्यात, एक दांडी घातलेली असते. सफाईसाठी ती काढली तर परत घालायला विसरू नये. तपासणारे अधिकारी काडतुसे भरून मोजतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी केंद्रीय ‘डक स्टॅम्प’ हे तिकीटही लागते.

मुलगा परतताना ही बंदूक नागपूरला आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक बंदूक सामान्य परवान्यावर ठेवता येत नाही.

प्रश्न : आमच्या आजोबांची विलायती दुनळी घरात आहे. ते हिवाळ्यात गावच्या तलावावर बदके मारत, असे ऐकले आहे. तशी परवानगी आता मिळते का? आणि नवी काडतुसे त्या बंदुकीत चालतील का?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : परवानगी मिळत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राणी-पक्ष्यांसाठी शिकार परवान्याची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने ती संपली. आपल्या तलावांवर हिवाळ्यात उतरणारे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांवर बंदूक उचलणे आज गुन्हा आहे, मग तलाव स्वतःच्या शेतातला का असेना.

नवी काडतुसे तपासल्याशिवाय मुळीच घालू नयेत. जुन्या विलायती दुनळ्यांपैकी पुष्कळांचे चेंबर अडीच इंची असतात. पावणेतीन इंची काडतूस त्यात सहज बसते, पण बार उडताना त्याचे तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. पोलादी छरे तर त्या पातळ, आवळ नळ्यांत अजिबात नकोत. नळीच्या बुडाशी ठोकलेले शिक्के जाणकार बंदूक-दुरुस्ती कारागिराला दाखवावेत. चेंबरची लांबी बहुधा तिथे वाचता येते. पण त्याही आधी परवाना कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. आजोबांच्या निधनानंतर तो वारसाच्या नावावर झालेला नसेल, तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून मग जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा.