दहावीच्या इंग्रजी साहित्याचा गृहपाठ आणि शब्दसंग्रह: घरी मराठीच बोलणाऱ्या पालकांनी मुलीला कशी मदत करावी?

आपण लिहिले आहे की, आपली मुलगी आठवीपर्यंत सेमी-इंग्रजी माध्यमात शिकली, नववीत तिला पुण्यातच आयसीएसई मंडळाच्या शाळेत घातले आणि आता ती दहावीत असून इंग्रजी साहित्याला शेक्सपिअरचे ‘ज्युलिअस सीझर’ हे नाटक आहे. दर आठवड्याला शाळेतून वीस-पंचवीस शब्दांची यादी मिळते, त्यांचे अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचा असतो आणि सोमवारी चाचणी असते. ती रात्री उशिरापर्यंत वही भरते, चाचणीत बरे गुणही मिळवते, पण पंधरा दिवसांनी तेच शब्द तिला परके वाटतात आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांपुढे ती अडखळते. घरी सर्वजण मराठी बोलत असल्यामुळे आपण काय मदत करू शकता, हा आपला प्रश्न आहे. मी पुण्यात बरीच वर्षे नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवले आहे आणि हाच प्रश्न अनेक पालकांनी मला काळजीने विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मुलीची मेहनत कमी पडत नाही. तिच्या अभ्यासाचा क्रम उलटा झाला आहे. यादी हातात आली की मुले प्रथम मोबाइलवर अर्थ शोधतात, मग वाक्ये तयार करतात आणि वेळ उरला तरच उतारा वाचतात. साहित्याच्या अभ्यासात उतारा आधी वाचला पाहिजे, कारण शब्दाचा नेमका अर्थ तो शब्द कोण, कोणाला आणि कशासाठी उच्चारतो यावरून ठरतो. शेक्सपिअरच्या बाबतीत तर यादीतून पाठ केलेला अर्थ पुष्कळदा सरळसरळ चुकीचाच निघतो. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात मेटेलस सिंबर आपल्या हद्दपार झालेल्या भावासाठी सीझरपुढे वाकून रदबदली करू लागतो, तेव्हा सीझर त्याला ‘बी नॉट फॉन्ड’ असे बजावतो. आजच्या इंग्रजीतला अर्थ धरून एका विद्यार्थिनीने उत्तरात लिहिले होते की, सीझर मेटेलसला ‘माझ्यावर इतके प्रेम करू नकोस’ असे सांगतो. त्या काळी फॉन्ड म्हणजे मूर्ख, खुळा. त्याच प्रवेशात मेटेलसने आपला अर्ज ‘प्रेझेंटली’ सीझरपुढे ठेवावा असे सीझरला ठार मारण्याच्या कटातला एक जण म्हणतो, तेथे त्याचा अर्थ ‘सध्या’ असा नसून ‘ताबडतोब’ असा आहे. आणि पुढच्या प्रवेशात, सीझरच्या खुनानंतर, त्याच कटातला ब्रूटस जमावाला ‘सेन्शर मी’ म्हणतो, तेव्हा तो लोकांना आपली निंदा करायला सांगत नसून आपला निवाडा करायला सांगत असतो. हे तिन्ही शब्द वरवर ओळखीचे वाटतात, त्यामुळे मुले त्यांचा अर्थ पाहतच नाहीत. अवघड दिसणाऱ्या शब्दांपेक्षा फसगत होते ती या सोप्या दिसणाऱ्या शब्दांपाशी.

म्हणून गृहपाठाची सुरुवात मोठ्याने वाचण्याने करावी. दहा-पंधरा मिनिटे तिने तो उतारा आपल्यासमोर वाचावा. आपल्याला प्रत्येक शब्द कळला नाही तरी चालेल, आपण श्रोता म्हणून बसणे महत्त्वाचे आहे. वाचून झाले की तिला मराठीत विचारावे: कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, त्याला समोरच्याकडून काय हवे आहे आणि ते त्याला मिळते का? उत्तर तिने मराठीतच द्यावे. त्यानंतरचा प्रश्न मात्र इंग्रजी पुस्तकाकडे नेणारा असावा: हे तुला कोणत्या ओळीवरून कळले? ती ओळ तिला बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. परीक्षेत उतारा देऊन बोलणारा कोण, प्रसंग कोणता, यापूर्वी काय घडले, या शब्दांचा आशय काय, असेच प्रश्न येतात, तेव्हा घरातल्या या मराठी संभाषणातून परीक्षेचीच तयारी होत असते. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण या अभ्यासातून अंग काढून घेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ज्या पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आगरकरांनी 1883 मध्ये ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणले, त्या पुण्यात शेक्सपिअरविषयी मराठीतून विचार करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे वळतो. सर्व शब्द सारख्याच कष्टाने शिकण्याची गरज नसते, हे मुलांना कोणी स्पष्टपणे सांगत नाही आणि म्हणून त्यांचा बराच वेळ वाया जातो. काही शब्द केवळ वाचताना ओळखता आले की पुरे. ‘हॅथ’, ‘डथ’, ‘दाऊ’, ‘दाय’ यांसारखी जुनी रूपे एकदा समजून घेतली की पुन्हापुन्हा लिहून काढण्याचे कारण उरत नाही, कारण ती तिला स्वतःच्या लेखनात कधीच वापरायची नाहीत. याउलट काही शब्द नाटकात असोत वा नसोत, उत्तर लिहिताना तिला ते स्वतःहून सुचले पाहिजेत: पर्सुएड (मन वळवणे), मॅनिप्युलेट, बिट्रे, लॉयल्टी, अँबिशन, सस्पिशन, आयरनी, टोन. सीझरच्या खुनानंतर त्याचा मित्र अँटनी याने भाषणातून लोकांना काय केले हे माहीत असूनही पर्सुएड हा शब्द हाताशी नसल्यामुळे ‘अँटनी टोल्ड द पीपल’ एवढ्यावरच थांबलेली उत्तरे मी कितीतरी तपासली आहेत. शाळेची यादी बहुधा पहिल्या प्रकारच्या शब्दांनी भरलेली असते, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या शब्दांची वही तिने स्वतःच ठेवावी आणि त्यात आठवड्याला सात-आठ शब्दांपेक्षा जास्त शब्द घेऊ नयेत.

यादीतले शब्द सुटेसुटे न ठेवता उताऱ्यातल्या नात्यांप्रमाणे एकत्र आणले तर ते पक्के बसतात. मेटेलसच्या प्रसंगाकडेच पुन्हा पाहावे. सीझरच्या त्या बोलण्यात स्पॅनिएल, फॉन, कर आणि स्पर्न हे शब्द काही ओळींच्या अंतराने येतात. यादीत ते चार वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील. उताऱ्यात मात्र ते एकच चित्र उभे करतात: स्पॅनिएल ही कुत्र्याची एक जात, फॉन म्हणजे कुत्रा धन्याभोवती करतो तशी लाडीगोडी करणे, कर म्हणजे गावठी भटके कुत्रे आणि स्पर्न म्हणजे तिरस्काराने झिडकारणे, येथे तर लाथेने बाजूला करणे. येथे आपली मराठी थेट मदतीला येते, कारण ‘लांगूलचालन’ या शब्दात शेपूट हलवण्याची तीच कल्पना आहे. मुलीला हा मराठी शब्द समजावून सांगितला की फॉन हा शब्द ती विसरणार नाही. शिवाय तिला उत्तरात लिहायला एक खरा मुद्दाही मिळतो: खाली वाकलेल्या माणसाला सीझर कुत्र्याच्या पातळीवर नेतो, यातून त्याचा अहंकार दिसतो आणि काही क्षणांतच त्याच्यावर पहिला वार होतो. शब्द आणि स्वभावचित्रण यांचा अभ्यास असा एकाच बैठकीत होतो.

काही वेळा मात्र शब्दकोशातला अर्थ अचूक असूनही अपुरा पडतो. अँटनी आपल्या भाषणात ब्रूटसला पुन्हापुन्हा ‘ऑनरेबल’ म्हणतो, तो शब्द याचे सर्वात चांगले उदाहरण आहे. त्याचा अर्थ ‘सन्माननीय’ असा लिहून मुलगी पुढे गेली तर तिच्या हाती काहीच लागणार नाही. तिने पेन्सिल घेऊन तो शब्द भाषणात जेथे जेथे येतो तेथे खूण करावी आणि प्रत्येक खुणेपाशी अँटनीने त्याआधी कोणता पुरावा मांडला आहे ते पाहावे: सीझरने कैदी आणून त्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली, गरीब रडले तेव्हा तोही रडला, राजमुकुट तीनदा पुढे केला असता त्याने तो तीनदा नाकारला. प्रत्येक पुराव्यानंतर ब्रूटसचा ‘सन्मान’ थोडा थोडा घसरत जातो आणि शेवटी जमावातलाच एक माणूस ‘ते देशद्रोही होते’ असे म्हणून ‘ऑनरेबल मेन!’ हे शब्द तिरस्काराने उलट फेकतो. वाचताना तिच्या कानांना आणखी एक फरक जाणवेल: ब्रूटस जमावापुढे गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात. मोठ्याने वाचल्याशिवाय हा फरक मुलांच्या लक्षात येत नाही आणि लक्षात आला की त्यावर त्यांना स्वतःचे मत लिहावेसे वाटू लागते.

‘वाक्यात उपयोग करा’ हा गृहपाठ टाळता येणार नाही, पण तो चांगला करता येतो. ‘ब्रूटस इज नोबल’ या वाक्यात नोबलच्या जागी दुसरे कोणतेही विशेषण बसवले तरी वाक्य तसेच राहते, म्हणजे त्या वाक्याने शब्दाविषयी काहीही शिकवलेले नाही. मी मुलांना सांगत असे की, वाक्य नाटकातल्या माणसाविषयी असावे आणि त्यात ‘बिकॉज’ आलाच पाहिजे. ‘ब्रूटस इज नोबल बिकॉज ही अॅक्ट्स फॉर रोम, नॉट आउट ऑफ एन्व्ही’ हे वाक्य तिने एकदा स्वतः घडवले की ते शेवटच्या अंकातल्या अँटनीच्या उद्गारांपर्यंत तिला उपयोगी पडेल, कारण कट करणाऱ्यांपैकी एकट्या ब्रूटसच्या मनात मत्सर नव्हता असे तेथे अँटनीच म्हणतो. अशी वाक्ये करायला वेळ लागतो हे खरे आहे. यादीतल्या सर्व शब्दांसाठी ती करणे शक्य नसेल तर आठ शब्दांसाठी करावीत आणि उरलेल्यांची साधी वाक्ये लिहून वही पूर्ण करावी. पालकसभेत शिक्षिकांना हे मोकळेपणाने सांगितले तर त्या नाराज होणार नाहीत, उलट अशी आठ वाक्ये तपासताना त्यांना समाधानच वाटेल.

शब्द विसरण्याविषयी आपण विशेष काळजी व्यक्त केली आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्येच दाखवले होते की, पाठ केलेल्या गोष्टी विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच सर्वाधिक असतो. रविवारी रात्री पाठ करून सोमवारी गुण मिळवलेले शब्द नंतर का टिकत नाहीत, याचे बरेचसे कारण यात आहे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतील संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन काहींना ते पुन्हा वाचायला सांगितले आणि काहींना न पाहता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणून एकेक शब्द पाच-पाच वेळा उतरवून काढणे आता थांबवावे. वहीच्या पानावर डाव्या बाजूला नाटकातली ओळ शब्दाच्या जागी रेघ सोडून लिहावी, उजवी बाजू दुमडून तेथे शब्द आणि अर्थ लिहावा, आणि पान न उघडता रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात करावा. अडलेल्या शब्दांवर खूण करून तेवढेच पुन्हा घ्यावेत. रोज दहा मिनिटे पुरतात, आणि ही उजळणी आपण सकाळचा डबा भरतानाही घेऊ शकता.

शब्दकोशाबाबत एक सूचना करतो. मोबाइलवर मिळणारा एका शब्दाचा मराठी अर्थ पुष्कळदा दिशाभूल करतो. विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घरात असावा. हॉर्न्बी यांचा कोश जपानमधील विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या अनुभवातून तयार झाला आणि तेथेच 1942 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या आजच्या आवृत्त्या ऑक्सफर्डच्या नावाने मिळतात. लाँगमनच्या 1978 च्या कोशात तर सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सर्व अर्थ देण्याची शिस्त पाळली होती. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात गेल्यावर मुलीलाच कोश उघडून ‘स्पर्न’ आणि ‘एन्व्ही’ हे दोन शब्द पाहू द्यावेत. व्याख्या मूळ शब्दापेक्षा अवघड वाटली तर तो कोश ठेवून दुसरा पाहावा. शेक्सपिअरच्या जुन्या अर्थांसाठी मात्र असा कोश पुरत नाही, त्यासाठी शाळेच्या पुस्तकातल्या टिपाच वाचाव्या लागतात आणि मुले नेमक्या त्याच गाळतात. गाइडमधील तयार उत्तरांविषयी माझे मत कडक आहे: स्वतःचे उत्तर लिहून होईपर्यंत ते पुस्तक तिच्या टेबलावर नसावे, आणि नंतर पाहायचे ते केवळ आपला कोणता मुद्दा राहिला हे तपासण्यासाठी.

पूर्वपरीक्षा जवळ आली की नव्या याद्या करू नयेत. तिसऱ्या अंकातले चार-पाच उतारे निवडावेत, प्रत्येकासाठी एक कोरे पान घ्यावे आणि पुस्तक मिटून तिने तो प्रसंग इंग्रजीत सात-आठ वाक्यांत लिहावा, त्या वाक्यांत तिच्या वहीतले निदान तीन शब्द यावेत. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून स्वतःच दुरुस्ती करावी. पहिली दोन-तीन पाने तिला निराश करतील, त्या वेळी आपण शेजारी बसून तोच प्रसंग आधी मराठीत सांगून घ्यावा आणि मग पेन तिच्या हाती द्यावे.