वाचकांचे प्रश्न : सोनेरी दार आणि हिरवे ठिपके

प्रश्न (फोंडा) : इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीच्या (बाप्तिस्मा देण्याच्या प्रार्थनास्थळाच्या) सोनेरी दारांच्या दुरुस्तीला पंचवीसहून अधिक वर्षे लागली म्हणे. एवढा वेळ का? आमच्या देवघराच्या तांब्याच्या दारांवर पाऱ्याच्या पद्धतीने चढवलेला सोन्याचा जुना मुलामा आहे, त्यावर हिरवे ठिपके आलेत. चवथीआधी चिंच-मीठ लावून घासली तर चालतील का?

उत्तर : घासू नका. चिंचेने सोन्याला काही होत नाही, पण मुलाम्याला बारीक छिद्रे असतात. आंबट पाणी आणि मिठातले क्लोराइड त्यांतून तांब्यापर्यंत उतरते आणि आतून गंज वर ढकलते. सोन्याचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. घासताना तो निघाला की परत येत नाही.

फ्लॉरेन्समध्येही शत्रू हाच, सोन्याखालचा. लोरेन्झो गिबेर्तीने १४२५ ते १४५२ या काळात ही दारे केली. त्यावर दहा मोठे फलक आहेत. १९६६च्या पुरात काही फलक चौकटीतून उखडले. पण खरे नुकसान संथ होते : हवेतला ओलावा वरखाली होत राहिला, तसे सोने आणि काशाच्या मधले क्षार फुगत-आकसत राहिले आणि सोन्याला फोड आले.

सुटे काढता आलेले फलक रोशेल क्षाराच्या पाण्यात बुडवले. तो तांब्याची संयुगे विरघळवतो, सोन्याला हात लावत नाही. मात्र फलक चौकटीत इतके घट्ट ठोकून बसवलेले की काढताना वाकण्या-तडकण्याची भीती. शिवाय बुडवल्यावर सोन्याखालचा ऑक्साइडचा थरही हलतो. म्हणून उरलेल्या भागांसाठी अगदी छोट्या स्पंदांचा लेसर वापरला. मळ उडतो आणि धातू तापायच्या आत स्पंद संपतो. २०१२पासून दारे संग्रहालयात, ओलावा काबूत ठेवलेल्या बंद काचपेटीत आहेत. मूळ जागी प्रतिकृती आहे.

तुमच्याकडे काचपेटी नाही आणि पावसाळ्यात गोव्याच्या हवेत पाणीच पाणी. तेव्हा हात लावण्यापूर्वी ठिपका पाहा. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर बहुधा स्थिर असतो. त्याला तसाच राहू द्या. फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर क्लोराइडचा गंज अजून चालू आहे. दार उतरवा, सिलिका जेलसह (ओलावा शोषणारे दाणे) हवाबंद डब्यात ठेवा आणि धातूच्या संवर्धकाला दाखवा. जेल रंग बदलले की सुकवून परत घाला. एरवी सुती हातमोजे घालून, बकरीच्या केसांच्या मऊ कुंचल्याने कोरडी धूळ झाडा, बस्स. पितळेचे पॉलिश, लिंबू, आमसूल, राख, सगळे वर्ज्य. समईची काजळी दारावर जाणार नाही एवढी समई लांब सरकवा.

प्रश्न : मग पुन्हा पाऱ्याचाच मुलामा करून घ्यावा का?

उत्तर : नको. त्या पद्धतीत सोन्याच्या एका भागाला सहा-आठ भाग पारा घेऊन लोणी करतात, ते धातूवर फासून आचेवर पारा उडवतात. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याआधीपासूनच वाफ देतो, आणि ती वाफ मेंदू व मूत्रपिंड निकामी करते. धातूत शिसे जास्त असेल तर मुलामा डागाळतोही. आणि नव्याखाली जुने सोने कायमचे जाते.