एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क

प्रश्न : सर, मी शाळेत संगणक शिकवते. लॅबच्या डेस्कटॉपमध्ये एकाच मॉडेलच्या दोन एनव्हीएमई डिस्क (एक प्रकारच्या वेगवान एसएसडी) आहेत. एकीवर विंडोज आणि लिनक्स, दुसरीवर मुलांच्या प्रोजेक्टांचा बॅकअप. लिनक्स अपडेट केल्यापासून तिथे दुसरी डिस्क दिसतच नाही. बायोसमध्ये आणि विंडोजमध्ये मात्र दिसते. डिस्क गेली का?
– एक शिक्षिका, मिरज

उत्तर : बाई, डिस्क गेलेली नाही. ती फॉरमॅट मात्र अजिबात करू नका.

आधी टर्मिनलवर ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) ही सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवा आणि त्यात ‘ग्लोबली ड्युप्लिकेट आयडीज’ (globally duplicate IDs) असे शब्द असलेली ओळ सापडते का बघा. सापडली तर दोष डिस्कमधल्या फर्मवेअरचा, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रामचा आहे. प्रत्येक एनव्हीएमई डिस्क जोडणीच्या वेळी आपली ओळख म्हणून एक क्रमांक सांगते. तो जगात दुसऱ्या कुठल्याही डिस्कचा असू नये, असा नियम आहे. काही स्वस्त डिस्कांमध्ये कारखान्यातच तो नीट भरलेला नसतो, म्हणून त्या मॉडेलच्या सगळ्या डिस्क एकच क्रमांक सांगतात. एकच डिस्क लावलेली असेल तर हे कधी उघडकीलाही येत नाही.

लिनक्सने हा क्रमांक साऱ्या मशीनभर ताडून पाहायला २०२२ मध्ये, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१८ पासून सुरुवात केली. मोठ्या सर्व्हरमध्ये एकाच डिस्ककडे दोन वाटांनी जाता येतं आणि दोन्ही वाटा एकाच डिस्कच्या आहेत हे या क्रमांकावरूनच कळतं. दोन वेगळ्या डिस्कांनी एकच क्रमांक सांगितला, तर एकीसाठीचा मजकूर दुसरीवर लिहिला जाण्याची भीती असते. म्हणून दुसरीला दारातच अडवलं गेलं. मला ती सावधगिरी योग्य वाटते, पण तिचा त्रास तुमच्यासारख्या निर्दोष माणसांना झाला हेही खरंच.

मग लोकांनी आपापल्या डिस्कांची माहिती कळवली आणि कर्नलमध्ये त्या मॉडेलांची यादी वाढत गेली. यादीत अशा मॉडेलापुढे एक खूण असते, तिच्या नावातच ‘बोगस’ हा शब्द आहे. खूण असलेल्या डिस्कचा क्रमांक मानायचाच नाही, एवढाच तिचा अर्थ. २०२३ मध्ये नियमच सैल झाला. साध्या, एकाच जोडणीच्या डिस्कने दुसरीचाच क्रमांक सांगितला, तर तो पुसून टाकायचा आणि डिस्क चालू द्यायची. तुमचा कर्नल ६.५ किंवा त्यापुढचा करून घ्या, बॅकअप पुन्हा दिसायला हवा.

डिस्क आणि तिच्या जोडणीचं बोलणं जसंच्या तसं खरं धरायचं नाही, हा धडा जुना आहे. माझ्याकडे एकदा यूएसबी डॉक, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडायचा खोका, दुरुस्तीला आला होता. त्यात ५०० जीबीची कुठलीही डिस्क घातली की मशीन मिनिटभर अडकायचं. अशा डिस्कमध्ये ९७,६७,७३,१६८ सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे असतात. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटच्याचा नंबर एकाने कमी, ९७,६७,७३,१६७. तळमजला शून्य धरला की दहा मजल्यांच्या इमारतीत शेवटचा मजला नववा येतो, तसंच. सिस्टिम विचारते शेवटच्या सेक्टरचा नंबर, आणि हा डॉक सांगायचा एकूण संख्या. डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात हे नोंदवणाऱ्या जीपीटी तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे सिस्टिम तिथे डोकावतेच. नसलेला सेक्टर मागितला की डॉक गप्प.

यावर लिनक्समध्ये दोन उपाय आहेत. ठाऊक असलेल्या उपकरणांच्या यादीत खूण असते, की याच्या आकड्यातून एक वजा कर. काही संशयितांसाठी अंदाज वापरतात. एकूण संख्या विषम निघाली तर एक कमी करायचा, कारण खऱ्या डिस्कची सेक्टरसंख्या सहसा समच असते. माझ्या डॉकच्या बोलण्यावरून एकूण संख्या निघत होती ९७,६७,७३,१६९. विषम! मी त्याची खूण बूटच्या वेळी हाताने दिली आणि तो सुरळीत चालू लागला. पहिली ओळख विचारतानाही सिस्टिम फक्त ३६ बाइट मागते, कारण जास्त मागितले की काही उपकरणं तिथेच कोलमडतात. या यादीतली एकेक ओळ म्हणजे कुणीतरी आपलं बिघडलेलं यंत्र समोर घेऊन घालवलेल्या रात्री आहेत. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. कर्नल बदलल्यावर नोंदींमध्ये इशारा दिसेल, की ‘डिस्क, बाय-आयडी’ (/dev/disk/by-id) या फोल्डरमधली नावं वापरल्यास डेटा बिघडू शकतो. तो गांभीर्याने घ्या. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब (fstab) फाइलमध्ये ती नावं असतील तर काढा आणि त्याजागी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना तिला मिळालेला स्वतंत्र क्रमांक लिहा, तो ‘बीएलकेआयडी’ (blkid) या आज्ञेने मिळतो. आणि एक डिस्क दुसरीवर जशीच्या तशी क्लोन करू नका, नाहीतर यूयूआयडीही एकसारखे होतील. मुलांच्या फाइली साध्या कॉपी करा. डिस्क दिसू लागली की त्यांची एक प्रत आधी तिसरीकडे, पेन ड्राइव्हवर का होईना, ठेवा आणि मगच पुढची खटपट करा.