कारला 35 एएचऐवजी 45 एएचची बॅटरी टाकली तर डायनामो जळतो का? घरी चार्जिंगला किती तास लावावी?

नाही जळत. एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. बॅटरी मागेल तेवढाच करंट डायनामो देतो, आणि 35 असो की 45, दोन्ही 12 व्होल्टच्याच. मोठी बॅटरी रिकामी झाली तर भरायला जास्त वेळ लागतो, एवढंच. ट्रेमध्ये बसते का आणि प्लस-मायनस त्याच बाजूला आहेत का, ते बघून टाका.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "गाडी उभीच असते, पण रोज 5 मिनिटं सुरू करतो, त्यामुळे चार्जिंगची काळजी नाही." ते वाचून राहवलं नाही.

आमचं गाव बसमतजवळ. दादा पुण्याला असतो. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून पाडव्याला आला तेव्हा तो आपली कार आमच्याकडं ठेवून गेला. रात्री-अपरात्री नांदेडला न्यायची वेळ आली तर गाडी दारात असावी. जाताना बजावून गेला, "रोज सकाळी 5 मिनिटं सुरू ठेव, एसी पण लाव, बॅटरी चार्ज राहते." मी एकही दिवस चुकवला नाही. धारा काढून झाल्या की आधी गाडी, मग शेत.

पाच आठवडे झाले असतील. रात्री दोनला ताईला कळा सुरू झाल्या. चावी फिरवली तर नुसतं टक. मीटरवरचे दिवे मिणमिणले, सेल्फ फिरेना. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे धक्का मारूनही उपयोग नाही. आई ताईला धरून ओट्यावर बसलेली आणि अण्णा गल्लीत हाका मारत फिरताहेत, ते मी विसरणार नाही. शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणून बोनेटला भिडवला. त्यांच्याकडं जंपरची जाड केबल होती. ट्रॅक्टरची बॅटरी 88 एएचची, कारची 35. दहा मिनिटं जोडून ठेवली आणि गाडी सुरू झाली. काहीही जळलं नाही, आणि तुम्ही 45 ला घाबरताय. पहाटे नांदेडला पोचलो. भाची सुखरूप झाली.

सकाळी दादाचा फोन आला. पहिलं वाक्य, "तू रोज सुरूच केली नसशील."

त्यानंतर मी मल्टिमीटर आणला. बंद गाडीसुद्धा करंट खाते. सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टीमची मेमरी आणि दादानंच बसवलेला जीपीएस ट्रॅकर मिळून 60 मिलिअँपिअर भरले. दिवसाला जवळपास दीड एएच. आता 5 मिनिटांत किती भरतं? इंजिन नुसतं उभ्यावर चालतंय, वर एसीचा पंखा. तरी उदारपणे 8 अँपिअर धरा, तर पाऊण एएचही होत नाही. म्हणजे रोज पाऊण एएचची तूट, महिनाभरात 35 मधले वीसेक गेले. मी नेमानं सुरू करत होतो म्हणूनच ती पाच आठवडे टिकली, नाहीतर तीन आठवड्यांतच बसली असती. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर मायनसची क्लॅम्प काढून ठेवा.

दादा अजून म्हणतो बॅटरीच खराब होती. तीच बॅटरी मी चार्जरवर भरली आणि आजही त्याच गाडीत सेल्फ मारते.

आता तास. एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट ठेवा, 35 ला साडेतीन-चार अँपिअर. अर्धी रिकामी असेल तर सात-आठ तास. शेवटचा टप्पा हळूच भरतो, घाई करू नका. चार्जर काढून दोन-तीन तासांनी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरली, 12.2 म्हणजे अर्धीच. गाडी सुरू असताना 14 च्या आसपास दिसत नसेल तर दोष डायनामोत किंवा वायरिंगमध्ये शोधा, उगीच नवी बॅटरी घेऊ नका.

हे सगळं साध्या, पाण्याच्या बॅटरीचं. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची बॅटरी वेगळी असते, तिला तिच्याच जातीची लागते. चार्जिंग उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको. आणि जंपर लावताना शेवटची मायनसची चिमटी बसलेल्या बॅटरीला नाही, त्याच गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला लावा.